संख्येचा उंबरठा : पाळणाघर योजनांचा इतिहास आणि देऊळघाटची शेतमजूर स्त्री

प्रस्तावना

बुलडाणा शहराच्या जवळ, पैनगंगेच्या काठी देऊळघाट हे गाव वसले आहे. जिल्ह्यातील लोक आपल्या मुलखाचे 'घाटावर' आणि 'घाटाखाली' असे दोन भाग करतात. त्यांपैकी हे गाव घाटावरचे. घाटाखालच्या मलकापूर, नांदुरा, शेगाव या गावांना एकोणिसाव्या शतकातच रेल्वे मिळाली, १८७० साली खामगावला शाखामार्ग पोचला आणि त्यासोबत सरकी काढण्याचे व गाठी बांधण्याचे कारखाने उभे राहिले. घाटावर मात्र शेती आणि शेतमजुरी हाच मुख्य आधार राहिला. या मजुरीत स्त्रियांचा वाटा किती मोठा आहे, हे निंदणीच्या किंवा वेचणीच्या दिवसांत सकाळी गावाबाहेर पडणाऱ्या बायांचे घोळके पाहिल्यावर वेगळे सांगावे लागत नाही. या घोळक्यांबरोबर लहान मुले फारशी दिसत नाहीत. ती कुठे असतात, हा या लेखाचा प्रश्न आहे.

वरवर पाहता हा प्रश्न घरगुती स्वरूपाचा वाटतो. परंतु त्याला सुमारे शंभर वर्षांच्या कायद्यांचा आणि योजनांचा इतिहास आहे. काम करणाऱ्या आईच्या मुलाची दिवसभराची देखभाल ही केवळ तिची जबाबदारी नव्हे, हे तत्त्व आपल्या देशात बरेच आधी मान्य झाले. मात्र ते मान्य करताना प्रत्येक वेळी एक आकडा घातला गेला : इतक्या स्त्रिया असतील तर, इतकी मुले असतील तर, इतके कर्मचारी असतील तर. प्रस्तुत लेखात या आकड्याला 'संख्येचा उंबरठा' असे म्हटले आहे. देऊळघाटसारख्या गावातील शेतमजूर स्त्री हा उंबरठा सहसा ओलांडू शकली नाही, आणि ज्या एका योजनेत तिला आत येण्याजोगी वाट होती, त्याच योजनेच्या अनुदानाला पुढे कात्री लागली, असे येथे मांडावयाचे आहे.

गिरणीतील पाळणा

पाळणाघराचा विचार प्रथम कारखान्याच्या संदर्भात झाला. मुंबईच्या कापडगिरण्यांत काम करणाऱ्या स्त्रियांची तान्ही मुले दिवसभर कुठे असत, याचे उत्तर सुन्न करणारे आहे. १९२० नंतरच्या काळात मुंबई सरकारच्या वतीने डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरांनी केलेल्या पाहणीतून, आणि पुढे १९३१ साली प्रसिद्ध झालेल्या शाही श्रम आयोगाच्या अहवालातून, कामगार स्त्रिया मुलांना अफू देऊन निजवत असत ही बाब सरकारदरबारी नोंदली गेली. अफू देणारी आई निर्दय नव्हती. कामावर गेले नाही तर मजुरी बुडणार आणि घरी मूल सांभाळायला कोणी नाही, या दोहोंमध्ये सापडलेल्या स्त्रीने शोधलेला तो उपाय होता. नागपूरच्या एम्प्रेस मिलसारख्या काही गिरण्यांनी त्या काळात स्वतःहून पाळणाघरे चालवली. परंतु असे मालक अपवादात्मकच.

प्रसूतीच्या रजेचा आणि भत्त्याचा प्रश्न याच दशकात विधिमंडळांपुढे आला. ना. म. जोशी यांनी १९२४ साली मध्यवर्ती कायदेमंडळात यासंबंधी विधेयक आणले, ते संमत झाले नाही. मुंबई कायदेमंडळात १९२८ साली असेच विधेयक चर्चेला आले, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला ठाम पाठिंबा दिला. स्त्रीला प्रसूतीच्या काळात मिळणारी विश्रांती हा राष्ट्रहिताचाच भाग आहे आणि म्हणून तिचा भार सरकारनेही उचलला पाहिजे, हा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा होता. सध्याच्या योजनांमध्ये केंद्राने किती द्यावे आणि राज्याने किती, यावर जो वाद होतो, त्याच्या पार्श्वभूमीवर हे भाषण पुन्हा वाचण्यासारखे आहे. १९२९ साली मुंबई इलाख्यात आणि १९३० साली मध्य प्रांतात प्रसूती लाभाचे कायदे झाले. तथापि त्यांचा भार मालकांवर पडल्यामुळे स्त्रियांना कामावर ठेवण्यासच टाळाटाळ होऊ लागली, हेही इतिहासाने नोंदवले आहे.

पाळणाघराला कायद्यात जागा मिळाली ती १९३४ च्या कारखाना कायद्याने. पन्नासपेक्षा अधिक स्त्रिया काम करीत असलेल्या कारखान्यात सहा वर्षांखालील मुलांसाठी खोली राखून ठेवण्यासंबंधी नियम करण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांना मिळाला. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कायद्याने ही तरतूद बंधनकारक केली, पण पन्नासचा आकडा कायम राहिला. १९७६ च्या दुरुस्तीने तो तीसवर आणला. बांधकाम मजुरांसाठी १९९६ साली झालेल्या कायद्यात पुन्हा पन्नास! ज्या मालकाकडे तीस स्त्रिया काम करीत होत्या, त्याच्या दृष्टीने एकतिसावी स्त्री म्हणजे एक पाळणाघर होते. तिला कामावर न घेणेच त्याला स्वस्त पडे.

शेतमजूर स्त्रीच्या बाबतीत तर कोणाच्या हाताखाली किती स्त्रिया, हा प्रश्नच लागू पडत नाही. ती आज एकाच्या वावरात, उद्या दुसऱ्याच्या. आठ-दहा बायांचा गट, तोही हंगामापुरता. तिचा मालक रोज बदलतो, आणि तो स्वतःच पुष्कळदा पाच-सहा एकरांचा कोरडवाहू शेतकरी असतो. त्याच्यावर पाळणाघराची सक्ती करा असे कोणीही म्हणणार नाही. म्हणून तिच्या मुलाची जबाबदारी शासनाने घेण्याला पर्याय उरत नाही.

दुष्काळी कामे

ही जबाबदारी शासनाने प्रथम ग्रामीण महाराष्ट्रात स्वीकारली ती १९७२ च्या दुष्काळात. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यातील दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख मजूर होते. त्यांत स्त्रियांची संख्या मोठी होती, आणि खडी फोडणाऱ्या स्त्रीच्या बाजूला फडक्याच्या झोळीत निजलेले मूल हे त्या काळाचे नेहमीचे दृश्य होते. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आकाराला आलेली रोजगार हमी योजना याच सुमारास राज्यभर लागू झाली, आणि १९७७ साली तिला कायद्याचे रूप मिळाले. कामाच्या जागी पिण्याचे पाणी, सावली, प्रथमोपचार आणि लहान मुलांची देखभाल या सोयी असाव्यात, हे योजनेत मान्य करण्यात आले होते. येथे एक गोष्ट सहज आठवते. आपणा प्राध्यापकांच्या वेतनातून दरमहा जो व्यवसाय कर कापला जातो, तो १९७५ साली याच योजनेच्या खर्चासाठी सुरू झाला. झोळीतल्या त्या मुलाशी आपला आर्थिक संबंध असा जुना आहे.

प्रत्यक्षात सावलीची सोय म्हणजे जवळचे बाभळीचे झाड, आणि देखभाल म्हणजे मोठी बहीण, असेच बहुतेक ठिकाणी घडत गेले. २००५ च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्यात ही तरतूद अधिक नेमकी झाली. सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले कामाच्या जागी असतील, तर मजूर स्त्रियांपैकीच एकीला त्यांच्या देखभालीसाठी नेमावे आणि तिला इतरांइतकीच मजुरी द्यावी, असे तिचे स्वरूप होते. आजवरच्या सर्व उंबरठ्यांत हा सर्वांत खालचा. त्यातही अडचण अशी की मुले कामाच्या जागी आली तरच ती मोजली जाणार. सोय नाही म्हणून आई मूल आणत नाही, आणि मूल दिसत नाही म्हणून सोय होत नाही. हे चक्र कोठे तरी तोडावयाचे तर आधी सोय करावी लागते, नंतर मोजणी.

कोसबाडचा धडा

या ठिकाणी एका प्रयोगाकडे वळणे आवश्यक आहे, कारण पाळणाघराचा आणि शाळेचा संबंध त्याच्याइतका स्पष्टपणे क्वचितच कोणी ओळखला असेल. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. पुढे १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. मूल बालवाडीत येत नसेल तर बालवाडीने त्याच्या अंगणात जावे, हा त्यांचा अंगणवाडीचा विचार सर्वपरिचित आहे. त्यामानाने त्यांची 'विकासवाडी' कमी चर्चिली गेली.

विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा या तिन्ही गोष्टी एकाच आवारात ठेवण्यात आल्या. त्यामागील अनुभव अगदी साधा होता. आदिवासी पाड्यावरील आठ-नऊ वर्षांची मुलगी शाळेत येत नसे, याचे कारण तिच्या कडेवरचे भावंड. ते भावंड कोठे तरी सुखरूप ठेवल्याशिवाय ती पाटी हातात घेऊ शकत नव्हती. म्हणून पाळणाघर हे आईच्या मजुरीसाठी जितके, तितकेच मोठ्या बहिणीच्या शिक्षणासाठी आहे, असा निष्कर्ष कोसबाडने कृतीतून काढला. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही लहान भावंडांना सांभाळणाऱ्या मुलींना शाळेत येता यावे यासाठी दिवसभराची बालसंगोपन केंद्रे हवीत, हे स्पष्टपणे मान्य केले. धोरणात विचार आला खरा. निधीची वाट मात्र वेगळीच राहिली.

एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत सुरू झाली. विदर्भातील मेळघाटच्या धारणीचा त्या पहिल्या प्रकल्पांत समावेश होता. आज गावोगावी असलेल्या अंगणवाड्या या तिच्याच. त्यांनी पोषण व लसीकरण यांत केलेले काम नाकारण्याचे कारण नाही. परंतु अंगणवाडी म्हणजे पाळणाघर नव्हे. ती दिवसातील काही तास भरते, तीन ते सहा वर्षांची मुले तेथे बसतात, आणि तीन वर्षांखालील मुलांच्या वाट्याला मुख्यतः घरी न्यावयाचा शिधा येतो. वावरात जाणारी स्त्री सकाळी घर सोडते ती दिवस मावळतीला येताना परतते. दुपारीच सुटणारी अंगणवाडी तिच्या कामाच्या दिवसाशी जुळत नाही, आणि तिचे मूल वर्षाचे असेल तर मुळात प्रश्नच मिटतो. अंगणवाडी सेविका स्वतः मानधनावर काम करतात. त्यांना २०१७ साली आणि पुन्हा २०२३ च्या डिसेंबरपासून २०२४ च्या जानेवारीपर्यंत दीर्घ संप करावे लागले, यावरून त्यांच्यावर आणखी तास लादण्याची भाषा किती जपून करावयास हवी हे ध्यानी यावे.

अनुदान आणि कपात

नोकरदार व मजूर मातांच्या मुलांसाठी स्वतंत्र पाळणाघर योजनाही केंद्राने १९७५ मध्येच सुरू केली होती. १९९४ मध्ये राष्ट्रीय पाळणाघर निधी स्थापन झाला, आणि १ जानेवारी २००६ पासून दोन्ही एकत्र करून राजीव गांधी राष्ट्रीय पाळणाघर योजना अस्तित्वात आली. शेतमजूर स्त्रीच्या दृष्टीने या योजनेचे महत्त्व असे की येथे मालक कोण, त्याच्याकडे स्त्रिया किती, हे कोणी विचारत नव्हते. एका पाळणाघरात २५ मुले हा निकष होता, आणि देऊळघाटच्या आकाराच्या गावाला तो जड नव्हता. संस्थांमार्फत ही केंद्रे चालत, खर्चाचा ९० टक्के भार केंद्राकडे व १० टक्के संस्थेकडे असे. कार्यकर्तीचे मानधन महिन्याला १००० रुपये होते. ते तुटपुंजे होते आणि केंद्रांचा दर्जा सर्वत्र चांगला होता असेही नाही. तरीही २०१४ च्या सुमारास देशात तेवीस हजारांहून अधिक पाळणाघरे चालू होती.

त्यानंतरचा उतार वेगाने आला. चौदाव्या वित्त आयोगाने केंद्रीय करांतील राज्यांचा हिस्सा ३२ वरून ४२ टक्क्यांवर नेला, आणि राज्यांकडे आता पैसा अधिक जातो या युक्तिवादावर २०१५-१६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात बालविकासाच्या तरतुदी मोठ्या प्रमाणात कापल्या गेल्या. एकात्मिक बालविकास योजनेची मूळ तरतूद आदल्या वर्षीच्या अठरा हजार कोटींवरून सव्वाआठ हजार कोटींच्या आसपास आली. ती पुढे पुरवणी मागण्यांद्वारे काही अंशी भरून निघाली. पाळणाघर योजनेला असे संरक्षण लाभले नाही. १ जानेवारी २०१७ पासून ती राज्यांकडे सोपविण्यात आली आणि खर्चाचे प्रमाण केंद्र ६०, राज्य ३० व संस्था १० असे झाले. तिची केंद्रीय तरतूद २०१७-१८ मध्ये २०० कोटी, पुढील वर्षी सुमारे १२८ कोटी आणि २०१९-२० मध्ये ५० कोटी अशी घसरत गेली. २०२० पर्यंत चालू पाळणाघरांची संख्या साडेसहा हजारांच्या आसपास उरली होती. याच २०१७ साली प्रसूती लाभ कायद्यात दुरुस्ती होऊन संघटित क्षेत्रातील स्त्रीची रजा २६ आठवड्यांची झाली, आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक करण्यात आले. वृत्तपत्रांतून त्या दुरुस्तीचे रास्त स्वागत झाले. त्याच वर्षी बंद होऊ लागलेल्या पाळणाघरांकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही.

शुल्काचा मुद्दाही येथेच पाहावा लागेल. जुन्या योजनेत दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाकडून महिन्याला २० रुपये आणि इतरांकडून ६० रुपये घेतले जात. नव्या रचनेत पहिला आकडा तोच राहिला, परंतु मासिक १२,००० रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबासाठी १०० व त्यावरील कुटुंबासाठी २०० रुपये असे दर ठरले. कागदावर ही वाढ किरकोळ दिसते. तथापि दारिद्र्यरेषेची यादी २००२ च्या सर्वेक्षणावर आधारलेली होती आणि पुष्कळ मजूर कुटुंबे तिच्या बाहेर होती, हे ग्रामीण भागात काम करणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. २०१७-१८ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची दैनिक मजुरी २०१ रुपये होती. म्हणजे यादीबाहेरच्या घरातील दोन मुलांचे शुल्क हा एका पूर्ण दिवसाचा रोज. शिवाय शुल्क महिन्याचे, आणि मजुरी मात्र काम लागेल त्याच दिवसाची. प्रस्तुत लेखिकेच्या मते तरीही खरा आघात शुल्काचा नव्हता. शुल्क भरण्याची तयारी असणाऱ्या आईलाही भरण्यासाठी जवळपास पाळणाघरच उरले नाही, हा आघात मोठा होता.

रोख साहाय्यातही असेच आकुंचन झाले. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने प्रत्येक गरोदर व स्तनदा मातेला किमान ६००० रुपये देण्याचे वचन दिले होते. २०१७ पासून लागू झालेल्या मातृवंदना योजनेत ते ५००० रुपये आणि तेही पहिल्याच अपत्यासाठी झाले. २०२२ मध्ये दुसरे अपत्य मुलगी असल्यास लाभ देण्याचे ठरले. बाळंतपणानंतर किती दिवसांत कामावर परतायचे, हे ज्या घरात हातातील पैशावर ठरते, तेथे हा हजाराचा फरक मोजण्यात आला असणारच. मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीने उरलीसुरली केंद्रेही बंद पडली. २०२२ पासून 'पालना' या नावाने १७,००० अंगणवाड्यांना जोडून पाळणाघरे चालविण्याचे उद्दिष्ट केंद्राने ठेवले आहे. ते पूर्ण झाले तरी ही संख्या २०१४ पेक्षा कमीच राहील. संसदेने २०२० साली संमत केलेल्या श्रमसंहितांतही पन्नासचा आकडा पुन्हा आलेला आहे.

देऊळघाट : घरातली व्यवस्था

मग देऊळघाटची लहान मुले दिवसभर असतात कुठे? ज्या घरांतून जाणे-येणे झाले तेथील अनुभव असा की पहिला आधार सासूचा किंवा आईचा. परंतु ही आजी स्वतः अनेकदा मजुरीला जाण्याच्या वयाचीच असते. तिला घरी ठेवायचे म्हणजे घरातला एक रोज सोडून द्यायचा. दुसरा आधार शेजारणीचा. तो पैशात मोजला जात नसला तरी फुकट नसतो, त्याची परतफेड कामाने, धान्याने, किंवा तिच्या मुलांना सांभाळून करावी लागते. खासगी पाळणाघर ही शहरात नोकरी करणाऱ्यांची सोय, आणि तेथील महिन्याचे पैसे शेतमजुरीतून निघत नाहीत.

पिकांच्या बदलानेही यात भर घातली. गेल्या तीन दशकांत जिल्ह्यात सोयाबीन मोठ्या प्रमाणावर पसरले. त्याची सोंगणी थोड्या दिवसांत उरकावी लागते आणि ती पुष्कळदा गुत्त्याने दिली जाते. कापसाची वेचणी तर किलोवर. रोजाच्या कामात तासाभराने उठून झोळीतल्या लेकराला पाजता येई, मुकादमाची बोलणी खावी लागली तरी. गुत्त्यात उठून गेलेला प्रत्येक मिनिट स्वतःच्याच मजुरीतून जातो आणि गटातल्या इतर बायांचाही खोळंबा होतो. त्यामुळे तान्हे मूल वावरात नेण्याची जुनी रीत मागे पडत चालली आहे. तिच्या जागी आलेली व्यवस्था म्हणजे घरातील मोठी मुलगी.

येथे हा विषय आपल्या वर्गात येऊन पोचतो. प्रथम वर्षाच्या वर्गात जूनमध्ये नियमित दिसणाऱ्या काही विद्यार्थिनी दसरा ते दिवाळीच्या सुमारास दिसेनाशा होतात आणि वेचणी ओसरल्यावर परत येतात, किंवा येत नाहीत. प्रस्तुत लेखिकेने प्रारंभीच्या काही वर्षांत अशा मुलींना अनियमित ठरवून पंचाहत्तर टक्के हजेरीच्या नियमाकडे बोट दाखवले होते. सणवार, लग्नाची बोलणी, अभ्यासातील अनास्था अशी कारणे गृहीत धरली होती. विचारल्यावर कारण निराळेच निघाले. थोरल्या बहिणीचे किंवा वहिनीचे मूल सांभाळायला घरी दुसरे कोणी नव्हते. ही मुलगी घरी थांबली म्हणून घरातील दोन स्त्रिया कामावर जाऊ शकत होत्या.

अनुदान कापले गेले तेव्हा बचत अर्थसंकल्पात दिसली. तिची किंमत ज्या ठिकाणी चुकती झाली, तेथे कोणताही हिशेब ठेवला जात नाही. तरी एक कागद आहे. महाविद्यालयांच्या हजेरीपटांत सप्टेंबर ते डिसेंबर या महिन्यांतील विद्यार्थिनींच्या नावांपुढे पडलेल्या अनुपस्थितीच्या खुणा वर्षानुवर्षे जपून ठेवलेल्या असतात. त्या पिकांच्या हंगामाशी आणि गावातील पाळणाघर चालू अथवा बंद असण्याच्या काळाशी ताडून पाहण्याचे काम आपल्यापैकी कोणीही आपल्या महाविद्यालयात करू शकेल. प्रस्तुत लेखिकेने या वर्षीपासून स्वतःच्या वर्गांपुरती अनुपस्थितीच्या रकान्याशेजारी कारणाची नोंद ठेवण्यास प्रारंभ केला आहे.